नऊ कप राग

॥ श्री ॥

रेवदंडा
२९ जानेवारी २०२५

ती. किशोरीआत्यास,
मितेशचा सा. न. वि. वि.

तू पोस्टातून रिटायर झालीस, पण पोस्ट काही तुझ्यातून रिटायर झालं नाही. मोबाईलवर पाठवलेलं वाचत नाहीस, फोन केला तर बिल कोणाचं चाललंय विचारून ठेवून देतेस. ज्याला बोलायचं त्याने पत्र लिहावं हा तुझा हुकूम अख्ख्या खानदानात मी एकटा पाळतो, याची नोंद घ्यावी.

पत्राला कारण की मला एका दुकानावर रीतसर तक्रार करायची आहे. तू चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलीस, तुला अर्जाची भाषा येते.

झालं असं. काल मंगळवारी धक्क्यावर बर्फ उतरवून टेम्पो घेऊन परत येत होतो. ऊन मरणाचं. चौलला एका सुपारीच्या वाडीत नवं कॅफे निघालंय. मालकीण कोरियाची आहे. नवरा इकडेच कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर, आणि हिला आपली वाडी आवडली म्हणून हिने कॉफीचं दुकान टाकलं. म्हटलं, एक कोल्ड कॉफी मारू. आत गेलो, मागितली. काउंटरवरच्या मुलीने नुसतं पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलेलं, मंगळवारी ऑर्डर फक्त कोरियनमध्ये, अडलं तर हसून विचारा.

आत्या, तूच सांग, चौलमध्ये उभं राहून कॉफी मागायला मी कोरियन का बोलू? मी म्हटलं, माझा बाप इथला, आजा इथला, समोरचा समुद्रसुद्धा मराठीतच गाजतो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, की नियम सगळ्यांना सारखा, मुंबईवाल्यांनाही आणि कलेक्टरसाहेबांनाही, आणि तुम्ही अजून हसून विचारलेलं नाही. मग मी जे काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. निघताना खुर्ची ढकलली, ती कुंडीला लागली, कुंडी फुटली. यात माझी चूक फक्त खुर्चीपुरती.

तक्रारीत वर्णन नीट असावं म्हणून देतो. मुलीचं नाव अमिषा. बिल्ल्यावर होतं, मी मुद्दाम वाचलं नाही. चौलचीच आहे. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली. कानात निळे खडे, पण दोन्ही कानांतले निळे वेगवेगळे, एक जरा हिरव्याकडे जाणारा. रागावली की खालचा ओठ आत घेते. बोलताना आवाज अजिबात चढवत नाही, त्यामुळे समोरच्याचा जास्त चढतो. चौकशी केली तेव्हा कळलं की माझ्याच कॉलेजात एक वर्ष मागे होती आणि पदवी पूर्ण केली.

कॉलेजचा विषय आता तू काढणार, तर आधीच सांगतो. सरांनी वर्गाबाहेर हो म्हटलं, मी जरा जास्तच बाहेर झालो. बी.कॉम.चं दुसरं वर्ष तिथेच आहे. मी इथे आहे.

आई-बाबा ठीक. अर्ज लवकर पाठव.

लोभ आहे तो तसाच राहू दे, बाकी जगाचा गेला तरी चालेल.

तुझा
मितेश

॥ श्री ॥

हरिहरेश्वर
३ फेब्रुवारी २०२५

चि. मितेश यास,
किशोरीआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तिकीट वाकडं लावलं होतंस.

तुझी तक्रार दोनदा वाचली. दुकानाबद्दल थोडकं आणि मुलीबद्दल बक्कळ. चौतीस वर्षांत माझ्या खिडकीवर नाही नाही त्या तक्रारी आल्या, पण कानातल्या खड्यांतला फरक सांगणारी एकही आली नाही. असा अर्ज वरच्या ऑफिसात गेला असता तर साहेबाने त्यावर लग्नाची तारीख लिहून परत पाठवला असता.

तेव्हा अर्ज मिळणार नाही. तू नवी कुंडी घे, तीत झाड लाव, ती नेऊन दे. मोठ्याने नाही, हळू बोल. आणि चार शब्द शीक. मी रेवसला होते तेव्हा एक गुजराती व्यापारी रोज येऊन भांडायचे, त्यांचं पत्र कधी वेळेवर यायचंच नाही. मी त्यांच्या मुनीमाकडून एकच वाक्य शिकून घेतलं, की शेठ, आज तुमचं पत्र आलेलं नाही. पत्र तेव्हाही यायचं नाही, पण शेठ हसून परत जायचे. आपल्या भाषेत नकार ऐकला की माणसाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. कॉफी मागणं तर त्याहून सोपं.

माझी खानावळ आणि दोन खोल्या बऱ्या चालल्यात. महाशिवरात्रीचं बुकिंग आताच भरलं. गुडघा कुरकुरतो. वहिनीला सांग, मागच्या वेळचे सुके बोंबील फार खारट होते.

डोकं थंड ठेव. दिवसभर बर्फच वाहतोस, थोडा उपयोग करून घे. माझी माया तुझ्यावर आहेच, ती तुझ्या वागणुकीवर अवलंबून ठेवली असती तर केव्हाच संपली असती.

तुझी
आत्या

॥ श्री ॥

रेवदंडा
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून कुंडी नेली. त्यात आईने ओव्याचं रोप लावून दिलं. अमिषाने कुंडी घेतली आणि विचारलं, की ही फुटेपर्यंत किती दिवस धरायचे. मी हसलो. आत्या, मी हसलो! याची पण नोंद घ्यावी.

आता खरं सांगतो, तुला तसंही कळलेलं आहे. माझं काही खरं नाही. बर्फाच्या लादीवर हात ठेवला तरी चटका बसल्यासारखं होतं. बाबांनी विचारलं, की पोराला ताप हाय का. आई म्हणाली, की ताप न्हाय, मस्ती हाय.

पण वेळ नाही गं. मालकीणबाईंचं दुसरं दुकान पुण्याला निघतंय, तिकडे कोरियन लोक पुष्कळ. अमिषा एक मार्चला तिकडे जाणार, सहा महिन्यांसाठी. तिने मला स्पष्ट सांगितलं. मला म्हणाली, की तू मनाने वाईट नाहीस, पण कॉलेज अर्धं, आयटीआय अर्धं, भांडणसुद्धा अर्धं टाकून निघून जातोस. तर एक गोष्ट पूर्ण करून दाखव. पुण्याला जाण्याआधीच्या मंगळवारी यायचं, मालकीणबाईंकडे अख्खी ऑर्डर कोरियनमध्ये द्यायची, मधे एक शब्द मराठी नाही, शिवी नाही, कुंडी नाही. ते झालं तर माझ्याशी पुढचं बोलेल. नाही झालं तर पुण्याहून पत्ता पाठवणार नाही. शेवटचा मंगळवार पंचवीस तारखेला.

म्हणून शिकतोय. आन्न्योंग हासेयो म्हणजे नमस्कार. त्तुगोउन म्हणजे गरम. ओरुम पेगो म्हणजे बर्फ नको, हे मला शिकताना फार लागलं, आपला धंदाच तो. तोल ताल्गे म्हणजे गोड कमी. फोजांगहे म्हणजे बांधून. कप मोजायचे तर हान जान, दू जान, से जान. एक कप मागताना तिच्यासमोर जान म्हणावं लागतं, तिथे माझी जीभ दरवेळी अडखळते.

आणि सगळ्याच्या शेवटी जुसेयो. म्हणजे कृपया द्या. आत्या, हे फार अवघड आहे. आपल्याकडे कोण कोणाला कृपया म्हणतं? धक्क्यावर दे म्हणतात, फार लाडात आले तर दे की रे म्हणतात. सवय व्हावी म्हणून मी बर्फाच्या कारखान्यात चांगदेवकाकांना म्हटलं, की काका, कृपया दहा लाद्या द्या. त्यांनी लाद्या दिल्या नाहीत, आधी पाणी दिलं आणि बस म्हणाले. त्यांना वाटलं, मला काहीतरी झालंय.

दुसरी अडचण आवाजाची. काल मंगळवारी तालीम म्हणून गेलो आणि दारातूनच योगियो अशी हाक मारली. योगियो म्हणजे अहो, जरा इकडे. पण मी ती लिलावात मारतो तशी मारली. बोटींच्या इंजिनावर चढवून बोलायची सवय, काय करणार? मालकीणबाई खाली वाकून कप लावत होत्या, त्या तिथेच खाली राहिल्या. अमिषा म्हणाली, की इथे सुरमई पुकारायची नाहीये.

मालकीणबाईंना सगळे साजांगनिम म्हणतात, म्हणजे मालक. त्या कप दोन्ही हातांनी देतात आणि आपणही दोन्ही हातांनी घ्यायचा, मान थोडी वाकवून. मी घरी तसाच चहा घेतला. बाबा लगेच उठून जाळं बघायला गेले. मी कसला तरी घोळ करून ठेवलाय अशी त्यांची खात्रीच पटली.

पण खरी जखम पुढेच आहे. साजांगनिम परवा बाजारात मासळी घ्यायला आल्या, थेट आईच्या पाटीसमोर. आणि आईने, आपल्या नीराबाईने, माकूल हातात धरून आन्न्योंग हासेयो म्हटलं! मी दिवसभर बडबडतो ते ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालंय. बाईंनी पाटीच उचलली. आता दर गुरुवारी येणार. साजांगनिम अमिषाला म्हणाल्या, की मुलाची आई छान बोलते, मुलगा ओरडतो. मी आठवडाभर घासतोय आणि हिला बसल्या जागी येतं. मी आईशी एक दिवस बोललो नाही. आईने ते बहुतेक बघितलंच नाही.

मला वाक्यं येतात, आत्या. भीती फक्त डोक्याची. कोणी काही बोललं की आतून भसकन वर येतं. उपाय सांग. तुझ्या खिडकीवर इतके लोक भांडायचे, तू काय करायचीस?

रागावलीस तरी माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस, सध्या माझ्याकडे तेवढाच आहे.

तुझा
मितेश

॥ श्री ॥

हरिहरेश्वर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मितेशला,
अ. उ. आ.

मी काय करायचे ते विचारलंस. समोरचा भांडायला लागला की मी शिक्का उचलायचे आणि साठलेल्या पत्रांवर मारत सुटायचे. ठाक ठाक ठाक. अर्ध्या तासात समोरचा थकायचा आणि टपाल तयार. पण तुझ्याकडे शिक्का नाही आणि कॅफेत टेबलावर हात आपटणं बरं दिसणार नाही.

तुझ्यासाठी वेगळा उपाय सुचतो. तुझी भांडणं मराठीत होतात. शिव्या मराठीत, टोमणे मराठीत, बापआजाचा समुद्रही मराठीत. तेव्हा त्या दिवशी कितीही राग आला तरी तोंडातून मराठी काढायचीच नाही. जे काय बोलायचं ते त्या कोरियनमध्ये बोल. त्या भाषेत तुला कॉफीशिवाय दुसरं काही येत नाही, एक शिवी येत नाही. मग भांडण होणार कशाने? सामानच नाही. मुलीची अटही पाळली जाईल.

पोरगी मला आवडली. तुला अर्धवट म्हणाली आणि तरी तारीख दिली. जिला नकोच असतं ती तारीख देत नाही. मी तिला दोन ओळी लिहीन म्हणते, सुपारीच्या वाडीतलं कॅफे, चौल, एवढा पत्ता पोस्टाला पुरतो. घाबरू नकोस, लहानपणचं काही सांगणार नाही.

वहिनीला माझ्याकडून आन्न्योंग.

शिवरात्रीच्या गर्दीत पुढचं पत्र उशिरा येईल. उशीर माझा, माया वेळेवर.

तुझी
आत्या

॥ श्री ॥

रेवदंडा
२५ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

ती. आत्यास,
नमस्कार, पण साष्टांग नाही.

तुझ्या उपायाने माझं वाटोळं झालं. तू शांतपणे वाच, मी शांतपणे लिहू शकत नाही.

आज दुपारी गेलो. इस्त्रीचा शर्ट होता. दारातून हाक नाही, पायातल्या चपला आपटल्या नाहीत. काउंटरवर साजांगनिम स्वतः, बाजूला ट्रे घेऊन अमिषा. दोन वेगळे निळे खडे. मी मान वाकवली, आन्न्योंग हासेयो म्हटलं. साजांगनिम हसल्या. सगळं तेलासारखं चाललं होतं.

माझ्या मागे एक पाहुणा उभा, मुंबईचा असावा, हाफ पँट, डोक्यावर गॉगल. त्याने मोबाईल काढून माझं शूटिंग सुरू केलं. मी ऑर्डरचा पहिला शब्द काढला तर तो खो खो हसला. बायकोला म्हणाला, की बघ, आता मासेवालेपण कोरियन बोलायला लागले, उद्या बांगडा पण गाणं म्हणेल. सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं.

आत्या, भसकन वर आलं. मी वळलो. तोंडात जे आलं होतं ते तुला माहीत आहे, तुझ्याच भावाकडून शिकलोय. पण तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. मराठी काढायची नाही. म्हणून दात आवळले, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि माझ्याकडे होतं ते सोडलं. त्तुगोउन अमेरिकानो हान जान जुसेयो! तो मागे सरला. मी एक पाऊल पुढे. ओरुम पेगो! दू जान जुसेयो! त्याच्या बायकोने त्याचा हात धरला. मला जोर आला. तोल ताल्गे! से जान! से जान जुसेयो! त्याने मोबाईल खिशात घातला, सॉरी बॉस, सॉरी बॉस करायला लागला. मी बोट नाचवून शेवटचं हाणलं. फोजांगहे जुसेयो! से जान!

मागून साजांगनिम प्रत्येक वाक्याला ने, ने म्हणत होत्या. ने म्हणजे हो. मला वाटलं, बाई माझ्या बाजूने आहेत.

बाई लिहून घेत होत्या.

पाच मिनिटांनी कप यायला लागले. एक गरम. मग दोन बर्फाशिवाय. मग तीन गोड कमी. मग तीन बांधून, पिशवीत, वर छोटं फूल लावलेलं. नऊ कप, आत्या! साजांगनिम एकेक दोन्ही हातांनी देत होत्या, मी दोन्ही हातांनी घेत होतो, आणि अख्खं कॅफे बघत होतं. मग कोणीतरी फुटलं आणि सगळेच हसायला लागले. अमिषाने ट्रे तोंडासमोर धरला होता, पण ट्रे हलत होता.

मी काय करणार? खिशात होतं ते सगळं काउंटरवर ठेवलं, दोन्ही हातांनी, तेवढं भान होतं, आणि निघालो. नऊच्या नऊ तिथेच. म्हणजे हेही अर्धंच टाकलं. ती हेच म्हणणार.

आता मी इथे राहत नाही. निकेशमामाची बोट रविवारी निघतेय, तिच्यावर जातो. समुद्रावर कोणी कॉफी मागत नाही. अमिषाला काही लिहू नकोस. लिहिलंच असशील तर परत मागव, तुझी पोस्टात ओळख आहे.

राग तुझ्यावर आहे, पण तो उतरेल. तोवर लोभ दाराबाहेर उभा ठेव, हाकलू नकोस.

मितेश

॥ श्री ॥

चौल
२८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय किशोरीआत्या यांस,
अमिषाचा नमस्कार.

आपलं पत्र दुकानाच्या पत्त्यावर मंगळवारी सकाळीच मिळालं. मोबाईलवर सांगावं असं वाटलं होतं, पण तुम्ही वाचत नाही असं पत्रातच लिहिलंय, म्हणून आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिते आहे. तिकीट सरळ लावलंय. चुकलं असेल तर पोस्टमास्तरीणबाई म्हणून नाही, आत्या म्हणून वाचा.

मंगळवारचं मितेशने तुम्हाला कळवलंच असेल, आणि सगळं बिघडलं असंच कळवलं असेल. तो निघून गेल्यानंतरचं त्याला माहीत नाही.

ते पाहुणे घाबरून खुर्चीत बसले होते. मला विचारत होते, की तो त्यांना काय काय म्हणाला, पोलिसात जावं लागेल का. मी सांगितलं, की तो म्हणाला एक गरम कॉफी कृपया द्या, दोन बर्फाशिवाय कृपया द्या, तीन गोड कमी कृपया द्या. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी शूटिंग पुसून टाकलं आणि गोड कमीमधला एक कप मागून घेतला. बाकीचे दुकानातल्या सगळ्यांनी वाटून प्यायले. बांधलेले तीन वाडीतल्या गड्यांना गेले. काही वाया गेलं नाही.

साजांगनिम मात्र हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, मित्रांमध्ये वाद चाललाय आणि मितेश सगळ्यांना पाजून तो मिटवतोय. मी खरं काय ते समजावलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलेली ऑर्डर पुन्हा काढून वाचली. मग म्हणाल्या, की मी कोरिया धरून तीन गावांत दुकानं चालवली, शांत असताना कृपया म्हणणारी माणसं खूप बघितली, इतक्या रागात दरवेळी आठवणीने कृपया म्हणणारा हा पहिलाच. एकदासुद्धा विसरला असेल असं मला वाटत नाही, असंही म्हणाल्या. तो एकदाच विसरला, पण मी ते सांगितलं नाही.

मी अट घातली होती, पूर्ण ऑर्डर, मराठी नाही, शिवी नाही, कुंडी नाही. आत्या, मी मोजलं. सगळं झालं. कप पिणं अटीत नव्हतंच. आणि दुकानात इतकी मोठी ऑर्डर कोरियनमध्ये याआधी कोणी एकट्याने दिलेली नाही.

बुधवारी मी दिवसभर दाराकडे बघत होते. तो आला नाही. उद्या सकाळी मी पुण्याला निघते आणि तो म्हणे रविवारी बोटीवर. म्हणून काल गुरुवारी साजांगनिमबरोबर मीच बाजारात गेले. नीराबाई पाटी मांडून बसल्या होत्या. मितेश मागे टेम्पोतून बर्फ उतरवत होता. मला बघितलं आणि लादी तोंडासमोर धरून उभा राहिला. लादी आरपार दिसते हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

साजांगनिमनी माकूल घेतली. मग नीराबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, की तुला काय पायजे गो बाय. मला बोलायचं पुष्कळ होतं, मराठीत पाठही करून आले होते. पण तिथे सगळा बाजार कान लावून होता आणि माझी मराठी अडकली. कोरियनमध्ये एखादी वस्तू नुसती बोटाने दाखवून मागायची असली तर म्हणतात इगो हाना जुसेयो, म्हणजे हे एक द्या. मी लादीमागे बोट केलं आणि तेवढंच म्हटलं.

नीराबाईंना कळायला जराही वेळ लागला नाही. मितेशला लागला. त्याच्या हातातून लादी निसटली आणि पायावर पडता पडता राहिली. मग त्याने ती उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, मान थोडी वाकवून.

नीराबाईंनी हात पदराला पुसले, त्याच्याकडे एकदा नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, की घे बाय, पण कल्ले उघडून बघून घे, मंग परत आनलास तर मी घेनार न्हाय.

मी बघितलं, आत्या. ताजा आहे. तापट आहे एवढंच, तर सहा महिने बर्फात राहू दे. बोटीवर जाऊ देऊ नका. पुण्याचा पत्ता मागे लिहिलाय, त्याला द्या, आणि पत्रच लिही म्हणावं.

ओळख नवी आहे, तरी माया जुन्यासारखी करावी.

आपली होऊ घातलेली
अमिषा